वोनोदोरोची गुबगुबीत अक्षरं

वोनोदोरो गल्लीच्या सभेत पा दार्सोनो कधी बोलत नसत. ते दर सभेला जात, मागच्या चटईवर भिंतीला पाठ टेकून बसत, केळ्याची भजी खात, गोड चहा पीत आणि ठराव मंजूर व्हायच्या वेळी हात वर करत. पाणीपुरवठा कचेरीत हिशेब तपासण्यात उमर गेलेल्या माणसाला एवढं कळलेलं असतं की जो बोलतो त्यालाच निस्तरावं लागतं. त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून जे वाक्य गेलं, ते ऐकून सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतःच.

विषय कमानीचा होता. स्वातंत्र्यदिन जवळ आला होता आणि खालच्या गल्लीने आपल्या कमानीवर सिमेंटचे दोन वाघ बसवले होते. वाघ फारसे जमले नव्हते, त्यातला एक तर मांजरच वाटत होता, पण ते होते. वोनोदोरोच्या कमानीवर गंजलेल्या सळ्या आणि नावाची अक्षरं, तीही इतकी काडीसारखी की नवा पोस्टमन कमानीखाली उभा राहून वोनोदोरो कुठे आहे ते विचारायचा.

"आपण हत्ती बसवू," सार्जंट पा कासान म्हणाले. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून ते गल्लीला शिस्त लावत होते.

"हत्तीखाली नाव लिहावं लागेल," गल्लीप्रमुख पा सुमार्तो म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, हत्ती गल्ली."

आणि तेव्हा पा दार्सोनो बोलले, "अक्षरं माझी मुलगी करते."

सगळ्या माना मागे वळल्या.

"काय करते?"

"अक्षरं."

"म्हणजे टाइप करते? कचेरीत?"

"नाही. टाइप करायला जी लागतात, ती. ती बनवते."

पा कासान विचारात पडले. "पण ती तर झालेली आहेत की. सगळी. मी शाळेत होतो तेव्हाच झालेली होती."

हसू पिकलं. गंमत अशी, की मुलीने, रातिहने, बँकेची नोकरी नाकारून बांदुंग शहरात अक्षरं काढायला जायचं ठरवलं, तेव्हा पा दार्सोनोंनी घरात शब्दशः हेच वाक्य टाकलं होतं. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते 'मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगत आणि विषय पावसाकडे वळवत. पण आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्यावर लोक हसलेले पाहिले, तेव्हा ते त्यांना झोंबलं. ते उभे राहिले. सभेत उभं राहण्याचीही त्यांची ती पहिलीच खेप.

"कमानीचं मी बघतो," ते म्हणाले.

पा सुमार्तोंनी लगेच मत घेतलं. मागच्या चटईवरचा नेहमीचा हात सोडून बाकी सगळे वर झाले.

घरी आल्यावर बू एन्दांगनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ताट वाढता वाढता विचारलं, "कमानीतलं काय कळतं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग ठीक. मला वाटलं, कळतं असं सांगून आलात."

खरी गोष्ट वेगळीच होती. ईदच्या सुट्टीनंतर रातिहने कागदाची एक मोठी गुंडाळी पाठवली होती. तिने तयार केलेल्या अक्षरांचा तो पहिला छापील नमुना. ए पासून झेडपर्यंत सगळी मोठी अक्षरं, जाडजूड, कुठे टोक नाही, कुठे कोपरा नाही, वाफेवरून नुकत्याच काढलेल्या बकपावसारखी फुगलेली. नाव ठेवलं होतं 'गेम्बुल', गुबगुबीत. लहानपणी पा दार्सोनो तिलाच गेम्बुल म्हणत. बू एन्दांगनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कारण बाहेर लावला असता तर पाहुण्यांनी विचारलं असतं. आणि तेव्हापासून पा दार्सोनोंना सकाळी शर्ट काढायला फार वेळ लागू लागला.

ते बघत उभे राहायचे. हिशेबाच्या वहीत त्यांनी जन्मभर अक्षरं पाहिली होती, पण ती मुंग्यांसारखी कामावर चाललेली. ही अक्षरं कुठे जात नव्हती. 'आर' एक पाय पुढे टाकून उभा होता. 'बी'ने पोट भरून जेवून पट्टा सैल केला होता. 'एस' तर असा वळला होता, की एवढ्या जाड अंगाने एवढं हलकं वळता येतं कसं, हे बघत राहावं. आणि 'ओ' समोर आला की त्यांचा शर्ट हातातच राही. एक गोल, त्यात एक भोक. यात करण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी माणूस कपाटात तोंड घालून 'ओ' बघतो, हे सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रातिहला फोन लावला. कमानीचं बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "न्दुक, पोरी, ही तुझी अक्षरं पाटीवर लावली तर चालतील?"

"पाटीवरच लावायची असतात, बापा. पुस्तकात नाही. बारीक केली की गुदमरतात."

"मग किती मोठी करायची?"

"जितकी मोठी तितकी चांगली," रातिह म्हणाली. ती त्या वेळी कोणत्या तरी बिस्किटाच्या पुड्याच्या कामात होती. आपले वडील हिशेबनीस आहेत आणि दिलेला आकडा, दिलेला शब्द जसाच्या तसा धरतात, हे ती विसरली.

पा दार्सोनोंनी सुतळीने कमान मोजली आणि अंगणात खडूने अक्षरं आखून पाहिली. माणसाएवढी उंची ठरवली, कारण त्याहून कमी म्हणजे गुदमरणं आलं. आठ अक्षरं, त्यात चार 'ओ', आणि एकही अंग चोरून बसायला तयार नाही. 'डब्ल्यू' एकटाच निम्मी कमान खाऊन बसला. बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले यायला लागले.

पा कासान म्हणाले, दोन 'ओ' काढून टाका, सैन्यात आम्ही सगळी नावं तोडूनच लिहायचो. समोरच्या बू लास्त्री भाताच्या पापड्या करून विकत. त्यांचं म्हणणं पडलं, की अक्षरं बारीक करायची नसतील तर उपाशी ठेवा. पा सुमार्तोंनी सुचवलं, की दोन ओळी करा, वर 'वोनो', खाली 'दोरो'. त्यावर पाण्याच्या टँकरवाल्याने सांगितलं, की मग माझा टँकर आत येणार नाही, पाणी तुम्ही हाताने न्या. शेवटी उपाय एकच राहिला, कमान रुंद करायची. आणि कमान रुंद करायची म्हणजे परवानगी.

वॉर्ड कचेरीतल्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "अक्षराची उंची?"

"माझ्याएवढी."

बाईने त्यांना खालून वर पाहिलं. "माणसाएवढ्या वस्तूला आम्ही फलक म्हणत नाही. ती वास्तू. दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, "यात कोणी राहणार आहे?"

"अक्षरांत?"

"वास्तूत."

"नाही."

"मग ही वास्तू नाही. जाहिरात असेल. जाहिरात विभाग मागच्या इमारतीत."

मागच्या इमारतीत एक तरुण अधिकारी लवंगेची सिगरेट विझवत बाहेर आला. त्याने नमुना पाहिला, बराच वेळ पाहिला. मग भानावर येऊन म्हणाला, "जाहिरात कशाची?"

"वोनोदोरोची."

"कर बसेल. वोनोदोरो काय विकतं?"

"काही विकत नाही. आम्ही राहतो तिथे."

"वोनोदोरो विकायला नाही, असं लिहून द्या. मालकाच्या सहीने."

"त्याला मालक नाही."

"मग सही कोण करणार?" अधिकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पा दार्सोनोंना रात्री झोप लागली नाही. आपल्या गल्लीला मालक नाही ही गोष्ट त्यांना तोवर कधी जाणवली नव्हती, आणि आता ती फार उघड्यावर पडल्यासारखी वाटू लागली. अखेर पा सुमार्तोंनी रुंदीकरणाला 'डागडुजी' असं नाव दिलं. डागडुजीला परवानगी लागत नाही. ती नक्की किती करायची याला कायद्यात मर्यादा नाही, आणि या देशात बरंच काही डागडुजीतूनच उभं राहिलेलं आहे.

अक्षरं करायला दिली गितोकडे. गितो पाण्याच्या टाक्या बनवी, आणि आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत, कुठे कोपरा नसलेली वस्तू करायचा हात अख्ख्या गावात त्याचाच होता. पा दार्सोनोंनी कपाटातला कागद त्याच्याकडे नेला. सांगितलं, की यातली रेघ केसाएवढी हलता कामा नये. गितो म्हणाला, टाकी म्हणून बघितलं तर सोपं आहे.

पहिला 'ओ' हातगाडीवरून आला तेव्हा गल्लीतली बहुतेक माणसं दारात होती, कारण हसायची तयारी सगळ्यांनी केलेली होती. त्यांनी तो दार्सोनोंच्या अंगणात उतरवला आणि भिंतीला टेकवून उभा केला. अंड्याच्या बलकासारखा पिवळा. उंचीने पा कासानांएवढा, जाडीने मिठी मारावी एवढा. मधल्या भोकातून मागचा मेरबाबू डोंगर दिसत होता, शिखरावरच्या ढगासकट, कोणीतरी मुद्दाम बसवून दिल्यासारखा.

कोणी हसलं नाही. बू लास्त्री लग्न होऊन गल्लीत आल्यापासून कधी गप्प राहिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्या हातातली झारी तशीच धरून उभ्या राहिल्या. पा कासानांनी टोपी काढली आणि मग आपण टोपी का काढली ते न कळून परत घातली.

"हा 'ओ'च ना?" कोणीतरी हळूच विचारलं.

"हो."

"मी इतकी वर्षं लिहितोय," तो माणूस म्हणाला, "असा असतो माहीत नव्हतं."

पा दार्सोनो 'ओ'कडे नाही, लोकांकडे बघत होते. कपाटात तोंड घालून आपण एकटेच बघत होतो ते आता दहा माणसं बघत होती, आणि त्यांचीही तीच गत झाली होती. त्यांना एकाच वेळी मोठा आधार वाटला आणि थोडा मत्सरही.

पण आश्चर्य जुनं होत जातं आणि सामान घरातच राहतं. बाकीची अक्षरं येत गेली. अंगण भरलं, ओसरी भरली, शेवटी 'आर' बैठकीच्या खोलीत घ्यावा लागला. त्याने पाय पुढे टाकलेला असल्यामुळे येणारा-जाणारा त्याला अडखळून 'माफ करा' म्हणे. बू एन्दांगची भिशी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी होती. बायका 'एन' आणि 'डी' यांच्या मधल्या जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, आणि भातसुपाच्या चवीऐवजी विषय अक्षरांचाच झाला. एकीने विचारलं, की 'डी'च्या पोटात काय आहे. बू एन्दांग म्हणाल्या, "माझा संसार." पण बायका गेल्यावर त्यांनीच ओल्या फडक्याने सगळी अक्षरं पुसली. 'ओ'वरून हात फिरवताना त्यांचा हात जरा जास्त वेळ फिरत राहिला.

"पोरीला सांगा आता," त्या म्हणाल्या.

"बघेल तेव्हा कळेलच."

"तिला विचारल्याशिवाय तिचं काम एवढं मोठं केलंत. आवडलं नाही तर?"

हा विचार पा दार्सोनोंना शिवलाच नव्हता. बँकेच्या वेळेला ते असंच तिला न विचारता तिच्यासाठी सगळं ठरवून बसले होते. तेव्हा ती रडली नव्हती, भांडलीही नव्हती, नुसती बॅग भरून गेली होती. रविवारी सकाळी ती पोहोचणार होती. रविवारीच सगळी गल्ली मिळून अक्षरं चढवणार होती. ती येईपर्यंत सगळं जागेवर बसलं पाहिजे, म्हणजे तिला बघून नाही म्हणता येणार नाही, असा एक भित्रा हिशेब त्यांनी मनात केला.

रविवारी पहाटेपासून माणसं जमली. दार्सोनोंचं घर उताराच्या माथ्यावर, कमान पायथ्याशी मोठ्या रस्त्याला लागून. 'डब्ल्यू' सहा जणांनी कण्हत खाली नेला. त्यांना परत येताना बघून पा कासान म्हणाले, "'ओ' उचलता कशाला? गोल आहे. घरंगळवत न्या."

"उतार आहे," बू एन्दांग म्हणाल्या.

"म्हणून तर."

योजना लष्करी होती. 'ओ'च्या भोकातून दोर घालून त्याची टोकं मागे पा दार्सोनोंनी धरायची, पुढून पा सुमार्तो आणि आणखी एकाने तळहात टेकवून थोपवत उतरायचं, बाजूने पा कासानांनी हुकूम द्यायचे. निम्मा उतार सुरळीत गेला. 'ओ' एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखा सावकाश, मानाने खाली येत होता. आणि पा दार्सोनोंच्या खिशातला फोन वाजला.

दोराची दोन्ही टोकं एका हातात घेऊन त्यांनी फोन कानाला लावला. "बापा, मी उतरले बसमधून. कमानीपाशी एवढी गर्दी का आहे?"

लोकांचा आरडाओरडा तिला ऐकू जाऊ नये म्हणून पा दार्सोनोंनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. खूण करायला हात वर करावा लागतो. मोकळा हात फोनमध्ये अडकलेला होता, म्हणून दोर सोडून दुसरा केला. आणि पा सुमार्तोंची अशी सवय, की वर झालेला हात दिसला की त्यांना ठराव मंजूर झाल्यासारखं वाटतं. त्यांनीही हात वर केला, जोडीदाराने त्यांचं पाहून केला, आणि दोघे समाधानाने बाजूला झाले.

'ओ' क्षणभर तिथेच उभा राहिला. आपल्याला कोणी धरलेलं नाही याचा त्यालाही विश्वास बसत नसावा. मग तो निघाला.

ज्यांनी तो पाहिला ते अजूनही त्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात. तो धावला नाही. आधी चालला, मग झपाझप चालला, आणि चाल अशी, की दर फेरीला एकदा हलकासा ठेका घेई, भरल्या पोटाच्या बाईसारखा. ढुम्म, आणि मग गुळगुळीत घरंगळ, आणि पुन्हा ढुम्म. दोन्ही बाजूंची माणसं भिंतीला चिकटली. सकाळचं ऊन त्याच्या पिवळ्या पाठीवरून सरकत होतं. बू लास्त्रींच्या वाळत घातलेल्या पापड्यांच्या सुपांवरून तो गेला आणि मागे पापडीच्या चुऱ्याची सरळ पांढरी रेघ सोडली. बू लास्त्रींनी शिवी दिली नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

पा दार्सोनो मागे धावत होते, एका पायात चप्पल. आणि मग त्यांना दिसलं, की कमानीतून आत शिरून, खांद्यावर बॅग आणि कानाला फोन लावून, रातिह गल्लीच्या मधोमध वर येते आहे.

त्यांना ओरडायचं होतं. पायाखालचा रस्ता पळत होता आणि ते जागच्या जागी असल्यासारखे वाटत होते. रातिहने मान वर केली. समोरून तिच्याएवढं, तिनेच काढलेलं अक्षर तिच्याकडे येत होतं.

ती पळाली नाही. तिने फोन खाली घेतला. वाटेत वडीलधारं माणूस आलं की बाजूला व्हावं तशी ती एक पाऊल सरली, आणि 'ओ' तिच्या इतक्या जवळून गेला, की तिच्या डोक्यावरच्या ओढणीचं टोक उडालं. मग ती वळली आणि बघत राहिली. 'ओ' कमानीखालून गेला. मोठ्या रस्त्यावर कोबीच्या ट्रकने कचकन ब्रेक दाबला, मागची मोटरसायकल थांबली, आणि त्या सगळ्यांमधून तो शांतपणे रस्ता ओलांडून पलीकडे हाजी महफुदांच्या माशांच्या तळ्यात उतरला. मोठा आवाज झाला. पाणी खाली आल्यावर दिसलं, की तो तरंगतो आहे.

पा दार्सोनो मुलीपर्यंत पोहोचले आणि रस्त्यावरच बसले. "लागलं का, न्दुक? लागलं का?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. रातिह त्यांच्या शेजारी बसली.

"नाही लागलं, बापा."

"मी तुला विचारायला हवं होतं. आधी विचारायला हवं होतं."

ती अजून तळ्याकडेच बघत होती. "तो लंगडत होता ना?"

"गितोचं काम. टाक्या करणारा माणूस, त्याला..."

"नाही. गितोने बरोबर केलंय. तो तसाच आहे. खालून जरा भरलेला ठेवलाय, नाहीतर उभा केल्यावर डोकं जड दिसतं. महिनोन् महिने तेवढंच करत होते." तिने तळ्याकडे बोट दाखवलं. "मी त्याला पडद्यावर बघितलंय, कागदावर बघितलंय. चालताना कधी बघितलं नव्हतं. चालीवरून ओळखला मी."

पा दार्सोनोंनी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. ती तशीच बघत होती, जसे ते रोज सकाळी कपाटात बघत.

तळ्यावर मोठी गर्दी झाली होती. 'ओ' पाण्यावर आडवा पडला होता आणि मधल्या भोकात हाजींचे गुरामी मासे येऊन जमले होते, सगळे, दाटीवाटीने, जणू तिथे सभा होती. हाजी महफुद काठावर उकिडवे बसले होते. ते भांडतील म्हणून पा सुमार्तो चार वाक्यं तयार करून आले होते.

"हा इथेच राहिला तर नाही का चालणार?" हाजींनी विचारलं. "बघा ना, कसे बसलेत."

"वोनोदोरोत चार 'ओ' आहेत, हाजी. एकही वगळता येत नाही."

हाजींनी उसासा टाकला आणि बांबू आणून दिला.

दुपारपर्यंत अक्षरं कमानीवर चढली. पा कासानांनी पट्टी घेऊन प्रत्येक दोन अक्षरांत सारखं अंतर राखलं होतं, परेडला राखतात तसं. रातिह समोरच्या टोफूच्या दुकानाच्या छपरावर चढून बसली आणि म्हणाली, "अंतर सारखं नको. सारखं दिसायला हवं. दोन्ही गोल शेजारी आले की जवळ घ्या. 'एन'ला जरा श्वास द्या."

"मोजलंय मी," पा कासान म्हणाले.

"मोजू नका, काका. डोळे किलकिले करून बघा."

सार्जंटनी डोळे किलकिले केले. बराच वेळ तसेच राहिले. मग शिडीवर चढले आणि स्वतःच्या खांद्याने 'ओ' सरकवला. तळ्यातून आलेला 'ओ' कोणता आणि वर-खाली कसा लावायचा यावर वाद झाला. गोलाला वर-खाली नसतं असं अर्ध्या गल्लीचं मत होतं. रातिहने तो उलटा धरायला लावला, मग सुलटा. उलटा असताना तो कपाळावर आठ्या घालून बघत होता, सुलटा केल्याबरोबर बसला. एकदा ते दिसल्यावर सगळ्यांनाच दिसलं, आणि बाकीचे तीन 'ओ' पुन्हा खाली उतरवून तपासायची मागणी बू लास्त्रींनी केली. एक खरंच उलटा निघाला.

याच सुमारास जाहिरात विभागाचा तो तरुण अधिकारी मोटरसायकलवरून आला. कोणीतरी तक्रार केली होती. त्याने हेल्मेट काढलं, वर पाहिलं, आणि हेल्मेट काखेत धरून उभा राहिला. बू एन्दांगनी त्याला चहा दिला. तो प्यायला, कप परत दिला आणि गेला. वोनोदोरो काय विकतं या प्रश्नावर कचेरीत अजून निर्णय झालेला नाही.

सुट्टी संपली आणि रातिह परत निघाली. पा दार्सोनो तिला सोडायला रस्त्यावर आले. बस आली, ती चढली, खिडकीजवळ जागा मिळाली. बस हलली आणि वळणावर येताच मंदावली, कारण तिथे चढ आहे. तिथूनच कमान पूर्ण समोर येते.

पा दार्सोनो हात हलवायला म्हणून बघत होते, पण त्यांचा हात अर्ध्यावर राहिला. बसमधल्या एकेका माणसाची मान वर होत होती. ड्रायव्हरच्या मागची म्हातारी, मांडीवर कोंबडी घेतलेला माणूस, दारात लटकून थांब्यांची नावं ओरडणारा कंडक्टर. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे ओठ हलत होते. वो. नो. दो. रो. प्रत्येकाचं तोंड गोल होत होतं, मिटत होतं, पुन्हा गोल होत होतं, मोठ्या काहीतरी गोष्टीपुढे माणसाचं होतं तसं.

मागच्या खिडकीत रातिह होती. तिला ते नाव पाठ होतं, अक्षरं तिचीच होती, तरी तिचेही ओठ हलत होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पा दार्सोनोंच्या ध्यानात आलं, की आपलेही.